जव्हारचे फोन खोडाळ्याला, खोडाळ्याचे जव्हारला

इंदूताई, तुमच्या दहाव्याला निघण्याआधी मी जव्हारच्या कचेरीचे सगळे फोन खोडाळ्याला वळवले, खोडाळ्याचे सगळे फोन जव्हारला वळवले, दोन्हीकडे कुलूप लावायला सांगितलं आणि पांढरा सदरा घालून तुमच्याकडे आलो.

हे मी झोपेत केलं नाही. प्यालेलोही नव्हतो. जव्हारचे कारकून म्हणाले, "आम्ही सगळे ताईंकडे चाललो, फोन तेवढे खोडाळ्याला लाव." लावले. मग खोडाळ्याहून लहानू ड्रायव्हरचा फोन आला, "भाऊ, आमी पन समदे निघालो. हितले फोन जव्हारला टाक." टाकले. दोन्ही वेळा मी "हो हो, काळजी नको" म्हणालो आणि दोन्ही वेळा मला वाटलं, दुःखाच्या प्रसंगी आपण किती उपयोगी पडतो! असा उपयोगी माणूस शत्रूच्या घरीही जन्माला येऊ नये.

तुम्हाला सांगायला नको, पण हे तुमच्या भावाच्या घरी कोणी वाचून दाखवलं तर त्यांना कळावं म्हणून सांगतो. शाळा आणि रुग्णांची जीप चालवणाऱ्या आपल्या संस्थेच्या दोन कचेऱ्या. जव्हारला मोठी, खोडाळ्याला छोटी. दोन्हीकडे फोनचा एकेक डबा, म्हणजे छोटं एक्स्चेंज, आणि ते दोन डबे मी एकमेकांना जोडलेले. शाळांच्या भिंतींवर, जीपच्या दारावर नंबर रंगवलाय तो जव्हारचा. रुग्णांची जीप उभी असते खोडाळ्याला. म्हणजे वावर गावाकडचा माणूस फोन लावतो जव्हारला, तुम्ही उचलता, पलीकडे खोडाळ्याला देता, लहानू गाडी काढतो. मधली जोडणी मी केली आणि गावभर मिरवली. "इथे बटण दाबलं की खोडाळ्यात वाजतं," असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचो. तुम्ही म्हणायचात, "तारवाल्या, तुझे हे दोन डबे म्हणजे दोघी जावा आहेत. काम आलं की एक दुसरीकडे बोट दाखवते." मी हसायचो. मला वाटायचं, बाईंना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत म्हणून त्या घरगुती भाषेत बोलतात.

आता फोन एकमेकांच्या गळ्यात घालून निघून जाणं ही आपली जुनीच रीत. भाताच्या आवणीच्या दिवसांत दुसरं होतं काय? आपल्याकडे कारकुनाच्या खिशात पेन असलं तरी पाय चिखलातच असतात. राबातली रोपं उपटून लावायची वेळ झाली की जव्हारवाले फोन खोडाळ्याला लावून शेतावर, खोडाळेवाले जव्हारला लावून शेतावर. वर्षानुवर्षं हे चाललं आणि कधी काही बिघडलं नाही, कारण तुमचे गुडघे चिखलात उतरायला नकार द्यायचे आणि तुम्ही टेबलाशी असायचात. शेंगा फोडत, टरफलं माझ्या डब्यावर टाकत. कुठूनही फिरून आलेला फोन शेवटी तुमच्यापाशी यायचा आणि तुम्ही तो उचलायचात. या वेळी सगळे गेले ते एरवी मागे राहणाऱ्या माणसाच्याच दहाव्याला. हे माझ्या डोक्यात आलं नाही. डोकं होतं, टोपीखाली होतं, पण त्या सकाळी ते फक्त टोपीसाठी होतं.

ताई, तुमच्याबद्दल आता सगळे गोड बोलतायत. ऐकवत नाही. शोकसभेत एक जण म्हणाला, "त्यांच्या तोंडून कधी कठोर शब्द ऐकला नाही." मी इकडेतिकडे बघितलं. मला वाटलं दुसऱ्या कोणाची सभा चाललीय. ज्या बाईने मला भर कचेरीत "तारवाल्या, तुझ्या हातात पक्कड देणाऱ्याला आधी धरायला हवं" असं सुनावलं, ती ही नव्हे. मागे लावलेल्या फलकावर तुमचा फोटो पासपोर्टएवढा आणि पाहुण्यांचे फोटो लग्नातल्यासारखे. त्यांच्या मिशा तुमच्या चेहऱ्याहून मोठ्या होत्या. खुर्चीतून उठून बाहेर गेलो, तर तिथे जेवणाच्या पत्रावळ्यांवर कुत्री. परत आत आलो. बाहेरची बरी होती.

तुम्ही गोड नव्हतात. तुम्ही फोन चोरून ऐकायचात. कोणाच्या मुलीचं कुठे जमतंय, कोणाची बदली कुठे अडकलीय हे तुम्हाला घरच्यांच्या आधी कळायचं. साहेब फोनवर मेहुण्याशी प्लॉटच्या गप्पा मारायला लागले की तुम्ही लाईन कापायचात आणि निरागस आवाजात सांगायचात, "साहेब, लाईन गेली हो!" मग साहेब मला बोलवायचे. मी यायचो, डब्याचं झाकण उघडायचो, फुंकर मारायचो, तुम्ही चहा मागवायचात, झाकण बंद. साहेबांना मी लिहून द्यायचो, 'ओलाव्यामुळे बिघाड.' एप्रिल महिन्यात ओलावा! एवढ्या वर्षांत मी दुरुस्त केलेले निम्मे बिघाड तुमच्या अंगठ्यात होते. आपण दोघं कधी त्यावर एक शब्द बोललो नाही. चहा मात्र दोघांनी मिळून ढोसला.

आणि तुम्ही चुकायचातही. ते भांडण अजून संपलेलं नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून मी माघार घेणार नाही. आठवतंय, तो फोन?

"बाय, गाडी पाठव."

"कोन बोलतंय?"

"मीच."

तुम्ही "बरं" म्हणालात आणि गाडी पाठवली. आवाजावरून तुम्हाला वाटलं तो पाडा तुमच्या ओळखीचा. लहानू तिकडे गेला तर तिथे कोणी आजारी नाही. लोकांनी मात्र गाडी आलीच आहे म्हणून नागलीची पोती चढवली, कोंबड्या चढवल्या, दोन म्हाताऱ्या चढल्या आणि सगळे मजेत खोडाळ्याच्या बाजाराला आले. ज्याच्या पायावर कुऱ्हाड बसली होती तो खरा 'मीच' दुसऱ्या डोंगरावर फडकं बांधून बसलेला. मी त्या दिवशी तुमच्यासमोर टेबलावर हात आपटला. "नाव, गाव, नंबर विचारा. विचारल्याशिवाय फोन पुढे देऊ नका. नियम म्हणजे नियम."

तुम्ही म्हणालात, "विचारते. पण घाबरलेला माणूस आधी नाव सांगत नाही रे, आधी रडतो. तुझ्या नियमात रडायला जागा ठेवलीय का?"

"रडून झालं की विचारा."

"तोवर तू डब्यात काय वाजवणार? गाणी?"

त्या दिवशी तुमचं चुकलं होतं, ताई. माझं बरोबर होतं. हे तुम्ही कबूल केलं नाहीत, पण संध्याकाळी तुम्ही लहानूबरोबर जीपमध्ये बसून त्या पाय कापलेल्या माणसाला बघायला गेलात हे मला नंतर कळलं. मला न सांगता. मी विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बाजारात गेले होते, वांगी आणायला.

दहाव्याला तळ्याकाठी पिंड मांडला आणि कावळा येईना. समोरच्या सादड्याच्या झाडावर बसलेले चांगले, माना वाकड्या करून बघतायत, पण खाली यायचं नाव नाही. तुमचा भाऊ हात जोडून म्हणाला, "ताई, घराची काळजी करू नको, मी बघतो." नाही. तुमची भाची म्हणाली, "आत्या, मी शिकणार." नाही. कोणी म्हणालं त्यांना शेंगा आवडायच्या, शेंगा ठेवा. शेंगा ठेवल्या. एक कावळा खाली आला, लांबूनच बघितलं, वर गेला. ऊन चढलं. लोक घड्याळं बघायला लागले.

मग साहेब पुढे झाले. गॉगल काढला, खिशात ठेवला, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "इंदूताई, तुमच्या जागी माणूसच बसवू. यंत्राचा आवाज लावणार नाही. शब्द देतो."

कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला चोच मारली.

बायका रडल्या. लहानू रडला. मीसुद्धा रडलो, आणि मला रडायचा खास हक्क होता, कारण त्या यंत्राच्या आवाजाचं काम साहेबांनी आधीच माझ्याकडे दिलेलं होतं. 'मराठीसाठी एक दाबा, गाडीसाठी दोन दाबा.' ते तुमच्या जागी बसणार होतं. तुम्हाला ते ठाऊक होतं. शेवटच्या भेटीत तुम्ही एवढंच विचारलं होतंत, "ज्याच्या फोनची बटणं झिजून गुळगुळीत झालीत त्याने काय दाबायचं रे?" मी म्हणालो होतो, बघू. आता साहेबांनी तुम्हाला शब्द दिला, कावळ्याने पावती दिली, मला वाटलं सुटलो.

परत आलो तर दोन्ही कचेऱ्यांचे फोन मेलेले. माझ्या डब्यावरचे सगळे दिवे लाल. मी काय करावं? मी आधी लाईनच्या कंपनीला फोन करून तासभर भांडलो. "तुमची केबल तुटलीय." ते म्हणाले, "नाही तुटली." मी म्हणालो, "मला शिकवू नका." मग डबा बंद करून चालू केला. मग खोडाळ्याला गेलो आणि तिथला डबा उघडला. आत पालींची अंडी, झुरळांची विष्ठा, आणि मुख्य पट्टीवर एक पाल भाजून पापडासारखी चिकटलेली. रिसीव्हर उचलला तर त्याला तंबाखूचा आणि कोणाच्या तरी जेवणाचा असा एकत्र वास की मी तो कानाला न लावता हातभर लांब धरून ओरडत राहिलो. मला वाटलं, सापडलं! ही पालच दोषी. काडीने खरवडून काढली, बाहेर फेकली, लहानूला अभिमानाने सांगितलं, "झालं काम."

लहानूने जव्हारला फोन लावून बघितला. जव्हारला घंटा. कोणी नव्हतं, म्हणून जव्हारने तो खोडाळ्याला पाठवला. खोडाळ्याचा दिवा लागला, आणि आम्ही उचलायच्या आत त्याने तो पुन्हा जव्हारला पाठवला. पुन्हा दिवा. पुन्हा. आमच्या डोळ्यांसमोर एकामागून एक दिवे लागत गेले आणि एकाच फोनने दोन्हीकडच्या सगळ्या लाईनी भरून टाकल्या. लहानू म्हणाला, "भाऊ, ह्यो तं भोवऱ्यासारखा फिरतोय." पाल बिचारी बाहेर मुंग्यांच्या स्वाधीन झाली होती.

मी सकाळी केलेलं वळवणं दोन्हीकडून काढलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. पुन्हा फोन लावला, मुद्दाम कोणी उचलला नाही. पुन्हा फिरायला लागला.

तेव्हा मी खाली बसलो, ताई. कारण मला समजलं. सकाळची चूक वरवरची होती. खालचा नियमच मी तसा लिहिलेला होता, जोडणी केली त्या दिवसापासून: जव्हारला उचललं नाही तर खोडाळा, खोडाळ्याला उचललं नाही तर जव्हार. शेवट कुठेच नाही. मी गावभर मिरवलेल्या माझ्या जोडणीला शेवट नव्हता आणि ते इतक्या वर्षांत कोणाला कळलं नाही, कारण पहिल्या फेरीतच तुम्ही उचलायचात. दोघी जावांच्या मध्ये तुम्ही बसलेल्या होतात. तुम्ही मला तेच सांगत होतात आणि मी हसत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत राघो आला. खोडाळ्याच्या पलीकडच्या पाड्यावरचा. त्याला बसायला सांगितलं तरी बसला नाही.

"काल फोन केला," तो म्हणाला. "सुनंला कळा चालू झाल्या. टेकाडावं चढलो, तिथं रेंज येतं. लावला. वाजला."

मी म्हणालो, "काल जरा बिघाड होता."

"बिघाड व्हता तं वाजला कशाला?" त्याचा आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "नाय लागला असता तं मी गप सुनंला उचलून रस्त्याला नेली असती. तो वाजत व्हता. वाजतो म्हंजे आत कोनतरी हाय, आता उचलल, आता उचलल. मी टेकाडावंच उभा. खाली ती वरडत व्हती."

शेवटी भाजीचा टेम्पो मिळाला. मोखाड्याच्या दवाखान्याच्या पायरीशी बाळंत झाली. सून ठीक, मुलगी ठीक. हे सांगून तो थांबला आणि मी इतका मोठा श्वास सोडला की त्याला माझी कीव आली असावी. "मुलगी काळी हाय," तो उगीचच म्हणाला, "पन चांगली हाय." मग गेला.

मी तसाच साहेबांच्या खोलीत. म्हटलं, "साहेब, टेबलाशी माणूस लवकर बसवायला हवा. काल तुम्ही शब्द दिलात..."

साहेब मोबाईलवर काहीतरी बघत होते. वरही न बघता म्हणाले, "अहो, ते तिथे बोलायचं असतं."

ताई, मी या डबड्यांत पाली बघितल्यात, उंदरांची पिल्लं बघितलीत, एकदा डब्यात कोणी लपवलेला अर्धा वडापाव बघितलाय, हिरवी लव आलेला. असली शिसारी मला कधी आली नव्हती. ते तिथे बोलायचं असतं! पिंडासमोर! बरं, त्या कावळ्याचंही मला काही चांगलं वाटत नाही. तुमच्या बाजूचा म्हणवतो आणि साहेबांच्या तोंडावर विश्वास ठेवतो? तुम्ही असतात तर साहेबांना म्हणाला असतात, "लिहून द्या, मग जेवते."

साहेब पुढे म्हणाले, "तो रेकॉर्डेड आवाज लावून टाका या आठवड्यात. गोड बाई घ्या. 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ते पण टाका सुरुवातीला."

राघोला टेकाडावर ते ऐकवायचं. खाली सून ओरडतेय आणि वर एक गोड बाई सांगतेय, तुमचा फोन महत्त्वाचा.

मी म्हणालो, "नाही जमणार साहेब."

"का?"

इथे मला काहीतरी उदात्त बोलायला हवं होतं. पण मला ओळखता तुम्ही. मी म्हणालो, "आपले दोन डबे वेगवेगळ्या वयाचे आहेत. इकडे दाबलेलं बटण तिकडच्या डब्याला ऐकू येत नाही. ओलावा." साहेबांनी मान डोलावली. ओलाव्यावर त्यांचा पहिल्यापासून विश्वास. किती दिवस टिकेल ही थाप, मला माहीत नाही. ठाण्याहून खरा कोणी तज्ज्ञ आला की पहिल्या चहाच्या आत मी उघडा पडेन.

मग दुरुस्ती केली. सोपी होती, शरम वाटावी इतकी सोपी. ज्या लाईनीवरून फोन आला त्याच लाईनीवरून तो परत पाठवायचा नाही. एवढा एकच नियम घातला. पण तो घातला की डबा विचारतो, मग शेवटी कुठे? तिथे कोणाचा तरी नंबर भरावाच लागतो, रिकामं सोडून चालत नाही. मी तुमचा नंबर भरला. मग पुसला. साहेबांचा भरावा असा वाईट विचार आला, तो फार वेळ राहिला आणि मला फार आवडला. पण साहेब उचलत नाहीत. लहानू गाडीवर असतो. कारकून आवणीला जातील.

शेवटी माझा भरला. आणि माझ्या दुरुस्तीच्या दुकानापर्यंत डब्याची तार पोचत नाही, म्हणून आता दिवसा तुमच्या खुर्चीत मी बसतो. दुकान भाचा बघतो, म्हणजे कोणीच बघत नाही. तुमची उशी तशीच आहे. तुमच्या शेंगांची टरफलं मी डब्यातून अजून झाडतोय, कुठे कुठे घुसलीत ती. कोणी 'मीच' म्हणालं की मी नियमाप्रमाणे नाव, गाव, नंबर विचारतो, आणि लोक गप्प होतात. गप्प झालेल्या माणसाला काय विचारायचं हे तुमच्याकडून शिकायचं राहिलं. मी कधी विचारलंच नाही, आणि तुम्ही असतानाही हे तोंडावर बोललो नसतो. तुम्ही "चहा सांग" म्हणून विषय बदलला असतात.

काल वावरकडून एक फोन आला. मागे कोंबड्या, वारा, आणि म्हाताऱ्या बाईचा आवाज.

"ताय?"

"ताई नाहीत, आजी. बोला, नाव काय तुमचं?"

"ताय कुठं गेली?"

"ताई वारल्या."

मग ती म्हणाली, "माज्या मानसाला ताप हाय. उठत नाय. गाडी पायजे."

"गाव? पाडा कुठला?" ती सांगत होती, वारा मध्ये येत होता, मी पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं, मग घाईत खोडाळ्याला देण्याऐवजी तिचा फोन कापला. तिने पुन्हा लावला. मी "चुकून, आजी, चुकून" म्हणत तो लहानूला दिला, गाडी निघाल्याचं त्याच्याकडून ऐकलं आणि परत तिच्याशी बोलून तिला सांगितलं. मग म्हटलं, "काळजी करू नका आजी, ताई नसल्या तरी आता इथे मी आहे. कधीही फोन करा."

"नको," ती म्हणाली. "तू उठ. तिथं एखादा मानूस बसव."